घोडीला मच्छरदाणी लागत नाही

२ जुलै

हो, घोडीच झाली ती! अकरा वर्षांची आमची बहीण भिंगरी दादाच्या लेखी घोडी, आणि घोडीला मच्छरदाणी लागत नाही. वर मलाच म्हणतो, "तू घरी असतास तर कळलं असतं तुला घर कसं चालतं." मी घरी असतो तर दर महिन्याला पैसे कोणी पाठवले असते रे? हे विचारलं की विषय बदलतो. मग आईकडे फोन. दर वेळी तेच.

परत लिहून काढतो, म्हणजे डोकं तरी रिकामं होईल. घरात मच्छरदाण्या तीन. एक नर्सबाईंनी वहिनीला दिलेली, बाळंतीण म्हणून. तिच्यात वहिनी आणि तान्हं. दुसरीत आई, तिला दमा. तिसरीचे पैसे मी पाठवले होते, मुद्दाम भिंगरीसाठी. तसं बजावून सांगितलं होतं. घेतलीसुद्धा! पण आहे कुठे? ट्रंकेत. घडी न मोडलेली. का, तर पाहुणे आले म्हणजे लागेल! वहिनी म्हणते, "भावजी, काय सुंदर जाळी आहे हो, हाताला लागत नाही. या धिंगाणा घालणाऱ्या पोरीला दिली तर आठ दिवसांत चिंधी." आमच्याकडे मुक्कामाला शेवटचा पाहुणा कधी आला ते आईलाही आठवत नसेल. आला तो जेवून हात पुसून गेला.

आणि भिंगरी झोपते बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. तिथे वाचायला उजेड मिळतो म्हणून. खिडकीमागे कालवा. डासांना लांबचा प्रवास नको!

दादाचं शेवटचं पालुपद — "नर्सबाईसुद्धा तान्ह्यांचं विचारतात, पोटुशींचं विचारतात. शाळेत जाणाऱ्यांचं कोणी विचारत नाही. मग मलाच काय पडलीय?"

तुझी बहीण आहे म्हणून पडली पाहिजे, गाढवा. हे फोनवर सुचलं नाही. आत्ता सुचतंय.

५ जुलै

पाणी, पाणी, पाणी. बोटांची साल निघायला लागली.

१० जुलै

काय काम करतोस असं कोणी विचारलं की सांगायला लाज वाटते. पाणी मारतो. नवा स्लॅब पडला की तडकू नये म्हणून ओला ठेवायचा. वर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बुटके बांध घालायचे, चौकोन करायचे, आणि पाणी भरून तळी करायची. एक आटलं की भरा. दुसरं आटलं की भरा. गवंड्याच्या हातात कसब असतं, सुताराच्या हातात असतं, माझ्या हातात पाइप. आमच्या सुपरवायझरच्या गळ्यात शिट्टी असते म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात, आणि शिट्टी मला म्हणतो पाण्या. "ए पाण्या! चौथा मजला कोरडा पडला! तुझ्या बापाने भरायचा का?" बाप असता तर त्याने भरलाही असता. गरीब माणूस होता.

आज फवारणीवाला आला. खांद्यावर पंप, हातात पांढरी वाटी. माझ्या तळ्यातलं पाणी वाटीत घेतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बारीक बारीक वळवळत होतं. मी म्हटलं, किडे. म्हणाला, "डासांची पिल्लं. आठवड्याने उडतील." मग शिट्टीने त्याला ऑफिसात नेलं, चहा पाजला. वाटी रिकामी झाली, तळी भरलेलीच राहिली.

"आठवड्यातून एकदा सगळं कोरडं करा म्हणतो!" शिट्टी नंतर मला सांगत होता. "स्लॅब तडकला तर तो येणार आहे का लिंपायला?"

खोलीवर मामांना सांगितलं. मामा म्हणजे कोणाचेच मामा नव्हेत. सळ्या वाकवतात, वयाने मोठे, आमच्याच बाजूचे. त्यांचा मुलगा भिंगरीच्या वर्गात आहे. मामा म्हणाले, "म्हणजे भाच्या, तुझा भाऊ गुरं राखतो आणि तू डास!" सगळी खोली हसली. मीही हसलो. खोटं काय आहे त्यात?

निघून जावंसं वाटतं. कुठे ते माहीत नाही. इथे आलो तेव्हाही असंच वाटत होतं, म्हणून तर आलो.

१६ जुलै

थंडी.

१७ जुलै

काल एवढंच लिहिता आलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि मी कुडकुडत होतो! दात असे वाजत होते की शेजारचा म्हणाला, याला खडी फोडायच्या मशीनवर पाठवा. मामांनी तीन जणांची पांघरुणं माझ्यावर टाकली, वर सिमेंटची रिकामी पोती. मग ताप, मग घामाच्या धारा, मग काहीच नाही. जणू झालंच नव्हतं. म्हणून उठून कामावर गेलो. शिट्टीने अर्धा दिवस कापला.

साइटवरचा डॉक्टर म्हणजे ऑफिसातला कारकून. त्याच्या खणात डोकेदुखीच्या गोळ्या असतात. खरा सरकारी दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. रक्त तपासायला गेलं की तो दिवस गेला.

घरी सांगणार नव्हतो. आईला आवाजावरून कळलं. रडायला लागली. दादाने फोन घेतला — "तू पडलास तर घर पडलं. जपत जा जरा!" दादाची काळजीसुद्धा खेकसूनच येते.

मग भिंगरीने फोन हिसकावला. "भाऊ, दात वाजतात का रे? वाजवून दाखव!"

वाजवून दाखवले. हसली नाही.

"तिथे गोळ्या मिळत नाहीत?"

"नाही गं."

"का?"

आता काय सांगू? "तुझ्याकडे आहेत का? असतील तर दे पाठवून." आपली चेष्टा.

मग म्हणाली, "बघते."

बघते म्हणे! मोठी दवाखान्याची मालकीणच.

२३ जुलै

ताप एक दिवसाआड येतो. पाहुण्यासारखा, पण मुक्कामाला राहणारा.

२ ऑगस्ट

मिस्त्री परत आला. प्लास्टरचं काम करतो, अधूनमधून घरी जातो, येताना सगळ्यांच्या पिशव्या आणतो. माझ्या पिशवीत आईने शिवलेलं जाड पांघरूण. त्याच्या घडीत भिंगरीची लाल रिबीन, आणि रिबिनीत गुंडाळलेली पुडी. आत पिवळ्या गोळ्या! कडा झिजलेल्या, रंग उडालेला. एक तर कागदालाच चिकटली होती, नखाने सोडवली. सोबत चिठ्ठी — "रोज जेवण झाल्यावर. तीन दिवस. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. तोंड वाकडं करायचं नाही."

मामांनाही पुडी. त्यांच्या मुलाकडून. मामांना इतकं हसू आलं की खोकला आला. "कार्टं घरी असताना मागितलं तर पाणी देत नाही, आणि आता बापाला औषध पाठवतंय!" पण पुडी किती वेळ तळहातावरच धरून बसले होते.

मिस्त्री म्हणाला, "अजून पाच जणांच्या आहेत माझ्याकडे. मी आता मिस्त्री नाही, कंपाउंडर!"

कुठून आल्या विचारलं तर म्हणाला शाळेत वाटतात म्हणे. सरकारी. मला वाटलं, उरल्या असतील. सरकारी म्हटल्यावर काहीतरी उरणारच.

५ ऑगस्ट

तिन्ही दिवस घेतल्या. कडूजहर! पण ताप पळाला. भिंगरीला फोन करून म्हटलं, "डॉक्टरीणबाई, तुमची फी किती?" अशी खूश झाली! तिकडे उड्या मारत असणार, फोन नुसता खडखडत होता. "आता दात वाजवून दाखव," म्हणाली. मी म्हटलं, वाजतच नाहीत. तेव्हा हसली.

आज पहिल्यांदा वाटलं, बरं चाललंय.

१६ ऑगस्ट

परत थंडी. मामांनाही.

१७ ऑगस्ट

दिवस गेला तर गेला, मामांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, बाहेर बाकावर बसा म्हणाले. दोघांनाही हिवताप निघाला.

रक्त तपासणारा माझ्याच वयाचा असेल. त्याने विचारलं, आधी काही औषध घेतलं होतं का. मामांनी खिशातून पुडी काढली. त्यांनी एक गोळी मागे ठेवली होती, अडीअडचणीला. त्याने ती उजेडात धरून पाहिली.

"ही शाळेतली आहे. तुम्हाला कशी मिळाली?"

मी म्हटलं, वाटतात ना शाळेत.

"वाटतात म्हणजे पोरांना देतात. ताप आलेला नसताना. येऊ नये म्हणून. पाचवी-सहावीतली पोरं मच्छरदाणीत झोपत नाहीत, कोणी त्यांच्याकडे बघत नाही, आणि सगळ्यात जास्त डास त्यांनाच चावतात. पोराने ही घेतली की पुढचे काही आठवडे ते सुरक्षित. आणि पोराच्या मापाची आहे ही, तुम्हाला काय पुरणार? ताप दबला तुमचा, गेला नाही." मग गोळी जवळून पाहिली. "भिजून वाळलीय ही. घरी नेऊ देत नाहीत या. शिक्षक पुढ्यात उभं करून गिळायला लावतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

मोठ्यांच्या गोळ्या घेऊन निघालो. बसमधून उतरताना मामा म्हणाले, "पिशवीत पाणी गेलं असेल."

मी म्हटलं, "हो, गेलं असेल."

रिबीन कोरडी होती.

१८ ऑगस्ट

भिंगरीला फोन. दादा गुरांकडे जाईपर्यंत थांबलो.

"खरं सांग. त्या गोळ्या कुठल्या?"

"शाळेतल्या."

"बाईंनी घरी दिल्या?"

"...नाही."

"मग?"

"बाई गिळायला सांगतात. मग जीभ दाखवा म्हणतात. मी जीभ दाखवते." आवाज बारीक झाला. "गालात ठेवते ना. मग मागे जाऊन काढते. खिडकीत वाळवल्या. मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत!"

कडू लागलं असेल, एवढंच निघालं तोंडातून.

"खूप! पण तू कमवतोस ना. दादा म्हणाला, तू पडलास तर घर पडलं. आणि आम्हाला कुठे ताप होता? बाई म्हणाल्या ताप नसला तरी घ्यायची. मग ती वायाच ना?"

वायाच ना! आमच्या घरात लहानाचं मोठं झालेलं पोर असंच म्हणणार. नवी जाळी पाहुण्यांना ठेवायची, औषध आजाऱ्याला ठेवायचं. आज जो धडधाकट आहे त्याच्यावर काही खर्च करायचा असतो, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

"आणखी कोणी केलं असं?"

"ज्यांचं ज्यांचं कोणी बाहेर आहे त्यांनी. मी शिकवलं. जीभ कशी उचलायची ते." यात थोडा तोराही होता! मग एकदम घाबरली. "भाऊ, बाईंना सांगू नकोस. मी वर्गाची मॉनिटर आहे. काढून टाकतील. पुढच्या वेळी गिळते, शप्पथ!"

"पुढची वेळ कधी?"

"पाऊस संपल्यावर."

पाऊस संपल्यावर. आणि तोपर्यंत ती खिडकीखाली, कालव्याला खेटून. बाईंना सांगितलं तर चुकलेल्यांना परत देतीलही. आत्ताच. आणि सांगितलं तर भिंगरी माझ्याशी पुन्हा कधी खरं बोलणार नाही.

नाही सांगत म्हटलं. काय करू? रडत होती.

२० ऑगस्ट

मामांकडे विषय काढला. सळईवर पाना मारत होते. "माझा पोरगा असलं करणार नाही."

"मामा, भिंगरीनेच सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांना —"

"तुझी बहीण असेल तसली. माझा पोरगा सरळ आहे." पाना आपटला. "म्हणजे काय म्हणतोस तू? मी माझ्या लेकराच्या तोंडातलं खाल्लं?"

आजूबाजूचे बघायला लागले. मी पाइप उचलून वर गेलो. संध्याकाळी मामांनी दोन घासांत जेवण उरकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

२३ ऑगस्ट

दादाला सगळं सांगितलं. वाटलं होतं भडकेल. तसं झालं नाही. म्हणाला, "बाईंना काय तोंडाने सांगू? आमच्या पोरीने शाळा फसवली म्हणून? शाळेतून नाव काढून टाकतील तिचं."

"निदान ती जाळी काढ ट्रंकेतून!"

"मला शिकवू नकोस."

तासाभराने वहिनीचा फोन. हळू आवाजात. "भावजी, यांनी जाळी काढली. स्वतः खिळे ठोकले. चार टोकं चार उंचीला, पण टांगली."

दादा तो! सांगणार नाही, करणार.

आता बाईंचा प्रश्न राहिला. शाळेतल्या बाईंचा नंबर मिस्त्रीकडे आहे. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून कुठल्या मास्तरांशी बोललो नाही. काय म्हणू — नमस्कार, मी भिंगरीचा भाऊ, मी तुमच्या मुलांची औषधं खाल्ली?

२५ ऑगस्ट

नंबर घेतला. लावला नाही.

२७ ऑगस्ट

पाचव्या मजल्याचा स्लॅब पडला. पाणी.

३० ऑगस्ट

भिंगरीला ताप. दादा म्हणतो शाळा बुडवायची नाटकं, परीक्षा आलीय. मी म्हटलं, भिंगरी आणि शाळा बुडवेल? ती तर तापातसुद्धा मॉनिटरकी करत असेल. "थंडी वाजतेय का?" "थोडी." "रक्त तपासून आण. आजच!" "बघतो."

जाळी टांगून आठवडा झाला. म्हणजे डास त्याच्या आधीच चावला होता.

१ सप्टेंबर

बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने सुई दिली, सलाइन लावलं, अशक्तपणा आहे म्हणाला. रक्त तपासलं नाही. घरी आली, दूध प्यायली, आई म्हणते तरतरी आली. मी दादाशी इतका ओरडलो की खोलीतले बाहेर गेले. "रक्त! रक्त तपास रे! सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात!" दादा म्हणाला, "उद्या नेतो. आत्ता झोपलीय, झोपू दे."

२ सप्टेंबर

पहाटे आकडी आली. डोळे पांढरे झाले. वहिनी फोनवर नुसती "भावजी, भावजी" करत होती, मागे आईचं रडणं. दादाने पाठुंगळीला मारली आणि रस्त्यापर्यंत पळाला. मोठ्या हॉस्पिटलात आहेत. हिवताप डोक्यात गेला म्हणाले. अंगात रक्तच नाही म्हणाले. दादाचं रक्त घेतलं.

शिट्टीकडे गेलो. सुट्टी मागितली. "आत्ता? स्लॅब ओला आहे. महिना पुरा केल्याशिवाय पगार नाही, माहीत आहे ना?" दादाला विचारलं तर ओरडला — "तू येऊन काय दिवे लावणार? डॉक्टर आहेस? इथे प्रत्येक बाटलीला पैसे मागतात!" आणि मग दादा रडला. माझा दादा. फोन तसाच चालू होता.

पाइप घेऊन वर गेलो. माझ्या तळ्यांकडे बघवेना. पायाने दोन बांध फोडले. शिट्टी बोंबलला. बोंबलू दे!

३ सप्टेंबर

शुद्धीवर नाही.

संध्याकाळी मामा माझ्या शेजारी येऊन बसले. त्या दिवसापासून बोलले नव्हते. "बाईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव."

लावला. घंटी वाजू लागली तशी त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. मी मामांना कधी कोणाशी अदबीने बोलताना ऐकलं नव्हतं.

"बाई, मी सहावीतल्या एका मुलाचा बाप बोलतोय. लांबून. बाई, पोरांना गोळ्या दिल्या ना तुम्ही, त्या त्यांनी गिळल्या नाहीत. आम्हाला पाठवल्या. आम्ही खाल्ल्या... नाही, नाही, पोरांना मारू नका. चूक आमची. आम्ही घरात जे बोलतो ते ती ऐकतात... हो. परत द्या सगळ्यांना. आणि बाई, जीभ नका बघू. गाल बघा."

फोन ठेवला. मग घरी लावला, मुलाशी बोलले. ओरडतील असं वाटलं होतं. एवढंच म्हणाले, "बाळा, तुझी गोळी तू खा. माझी मी आणतो."

हा फोन मी करायचा होता. पंचवीस तारखेला नंबर होता माझ्याकडे.

४ सप्टेंबर

शुद्धीवर नाही. दुसरी बाटली रक्ताची, वहिनीच्या भावाने दिली.

६ सप्टेंबर

बाई स्वतः हॉस्पिटलात येऊन गेल्या. दादा सांगत होता. वर्गातल्या आणखी मुलांना ताप निघाला, पण वेळेत तपासलं, सगळी ठीक आहेत. मामांचा मुलगाही त्यात. बाकीच्यांना परत गोळ्या दिल्या, एकेकाला आ करायला लावून. बाई भिंगरीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. दादाला म्हणाल्या, "पोरीने एवढ्या जणांना शिकवलं, आणि मला पत्ता नाही. मी कसली शिक्षिका!" दादाने त्यांना बसायला स्टूल दिलं.

९ सप्टेंबर

डोळे उघडले! आईने तोंडावर वाकून विचारलं ओळखतेस का, तर मान हलवली. पेज प्यायली चार चमचे. आई म्हणते, सारखं दाराकडे बघते. मला शोधत असणार.

मामांनी खोलीत सगळ्यांना चहा पाजला. मिस्त्री म्हणाला, कंपाउंडरला दोन कप.

१२ सप्टेंबर

शिट्टीला काय झालं कोण जाणे. आज स्वतःच म्हणाला, "पाण्या, जा आठ दिवस. पण आठ म्हणजे आठ." अर्धा पगारही दिला हातात. त्यालाही मुलगी आहे म्हणे शाळेत जाणारी. तीन वर्षांत कधी बोलला नाही.

पिशवी भरली. गाडीभाडं वेगळं काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. भिंगरी उद्या घरी येणार, मी परवा निघणार. काय नेऊ तिला? रिबीन परत करायची आहे. डॉक्टरीणबाईंची फीपण बाकी आहे.

मामा म्हणाले, "भाच्या, तिच्यासमोर रडू नकोस. घाबरेल." मी म्हटलं, दात वाजवून दाखवीन.

१३ सप्टेंबर

भिंगरी घरी आली. दादाने फोन तिच्या कानाला लावला. मी हाका मारल्या. भिंगरी! ए डॉक्टरीणबाई! श्वास ऐकू येत होता तिचा. मी दातही वाजवले. काहीच नाही. मग दादाचा आवाज — "तिला ऐकू येत नाही रे. दोन्ही कानांनी. आम्हाला वाटलं अशक्तपणा, म्हणून बोलत नाही. डॉक्टर म्हणाले तापाने असं होतं कधी कधी. कदाचित परत येईल, कदाचित नाही. कानाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा, लवकर." मग म्हणाला, "तू येतोयस असं तिला पाटीवर लिहून दाखवलं. तिने खाली लिहिलं, भाऊ बोलत का नाही."

पिशवी रिकामी केली. कपडे परत दोरीवर टाकले. शिट्टीला सांगितलं, उद्यापासून आहे.

दादाला पाठवतोय, कानाच्या डॉक्टरसाठी, गाडीभाड्याचे धरून : नऊ हजार दोनशे.